‘हाडवैर’, ‘चुरस’ की ‘ईर्षा’?

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्स आणि ग्रीन बे पॅकर्स या संघांबद्दल मराठीत लिहिताना ‘शतकभराचे हाडवैर’ म्हटले तर चालेल का? ‘रायव्हलरी’ला आणखी चांगला शब्द आहे का?

‘हाडवैर’ नको, असे माझे ठाम मत आहे. हाडवैरात समोरच्याचा समूळ नाश व्हावा अशी इच्छा असते. या दोन संघांचा इतिहास नेमका याच्या उलट सांगतो.

त्यांचा पहिला सामना २७ नोव्हेंबर १९२१ला झाला. शिकागोचा संघ तेव्हा ‘स्टेलीज’ नावाने खेळे. त्याने २०-० अशी बाजी मारली आणि पुढच्याच वर्षी ‘बेअर्स’ हे नाव घेतले. बेअर्सकडे जॉर्ज हॅलस, पॅकर्सकडे कर्ली लॅम्बो. दोघेही आपापल्या संघाचे संस्थापक, खेळाडू आणि प्रशिक्षक. तेव्हापासून दोनशेहून अधिक सामने झाले. एकूण विजयांत बेअर्स अनेक दशके पुढे होते. २०१७मध्ये पॅकर्सनी त्यांना मागे टाकले.

पण शब्दाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९५६ साल. ग्रीन बे हे विस्कॉन्सिनमधले लहान शहर. लीगमधली इतर लहान गावांची बहुतेक पथके केव्हाच बुडाली होती; भागधारक नागरिकांच्या मालकीचे पॅकर्स तेवढे टिकून होते. त्यांचे जुने मैदान अपुरे पडत होते. पाहुण्या संघाला तिकिटांच्या गल्ल्यातला वाटा मिळे, त्यामुळे छोट्या मैदानावर यायला बाकीचे संघ कुरकुरत. नव्या स्टेडियमसाठी कर्ज उभारायचे की नाही, यावर गावात मतदान ठरले. तेव्हा बेअर्सचे मालक हॅलस स्वतः ग्रीन बेला गेले आणि स्टेडियमच्या बाजूने बोलले! ठराव मोठ्या मताधिक्याने मंजूर झाला. सप्टेंबर १९५७मध्ये त्या स्टेडियमच्या उद्घाटनाचा सामना झाला तो बेअर्सविरुद्धच, आणि पॅकर्सनी तो २१-१७ असा जिंकला. आज ते लॅम्बो फील्ड म्हणून ओळखले जाते.

अशा नात्याला वैर कसे म्हणायचे? ‘रायव्हल’चे लॅटिन मूळही इथे बघण्यासारखे आहे: एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा. भांडण होणारच, पण ओढा आटला तर दोघांचेही शेत वाळणार. हॅलसना हे नीट कळले होते.

मग पर्याय कोणते? ‘स्पर्धा’ फार सपाट. ती दुकानदारांतही असते. ‘चुरस’ हा फार छान शब्द, पण तो एका सामन्याचा किंवा एका हंगामाचा. २०११च्या जानेवारीत बेअर्सच्या घरच्या मैदानावर, सोल्जर फील्डवर, पॅकर्स २१-१४ने जिंकून सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला गेले, त्या लढतीत चुरस होती. शंभर वर्षांच्या नात्याला तो शब्द पुरत नाही.

माझी पसंती ‘ईर्षा’ला. संस्कृतात ‘ईर्ष्या’ म्हणजे मत्सर, हे खरे. पण मराठीत ‘ईर्षेला पेटणे’ म्हणताना त्यात समोरच्यापेक्षा सरस ठरण्याची जिद्द येते. कोल्हापुरात तालमींच्या संघांमधल्या फुटबॉलबद्दल बोलताना हा शब्द याच अर्थाने सर्रास ऐकू येतो. पेठांची ईर्षा पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि समोरची पेठ मैदानात उतरलीच नाही तर तिला काही अर्थच उरत नाही.

म्हणून ‘पॅकर्स आणि बेअर्स यांची शतकभराची ईर्षा’ असे लिहावे. ज्या वाचकाला हा अर्थ ओळखीचा नसेल, त्याच्यासाठी वाक्य फिरवून ‘पॅकर्सचे परंपरागत प्रतिस्पर्धी बेअर्स’ म्हणता येईल. ‘वैर’ मात्र एखाद्या प्रसंगापुरते राखून ठेवावे. उदाहरणार्थ, १९८६मध्ये पॅकर्सच्या चार्ल्स मार्टिनने चेंडू फेकून मोकळ्या झालेल्या बेअर्सच्या जिम मॅकमेहनला उचलून जमिनीवर आपटले आणि त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. तिथे तो शब्द खुशाल वापरा.