लाच रंगवताना आधी हात रंगव

प्रिय चित्रकार,

निवडणुकीतल्या भ्रष्टाचारावर मालिका करायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. कच्ची रेखाटनं पाहिली. पुढारी ढेरपोटे, मतदार गरीब गाय. लबाडी सगळी एकाच चेहऱ्यावर आलीय. त्यामुळे बघणारा स्वतःला निर्दोष समजून मोकळा होतो. पुढे जाण्याआधी इंग्रज चित्रकार विल्यम हॉगार्थची १७५४-५५ची चार तैलचित्रं अभ्यासायला घे: मेजवानी, मतांची याचना, मतदान, विजयाची मिरवणूक. लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात ती आहेत.

चित्रांतलं गाव काल्पनिक, पण पाठीमागे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्याची १७५४ची खरी निवडणूक आहे. तिथे १७१० नंतर लढतच झाली नव्हती, त्यामुळे टोरी आणि व्हिग या दोन्ही पक्षांनी पैसा पाण्यासारखा ओतला. मत उघडपणे, सगळ्यांदेखत सांगायचं असे. गुप्त मतदान ब्रिटनमध्ये १८७२ साली आलं. पैसे घेणाऱ्याने शब्द पाळला की नाही हे तिथल्या तिथे कळायचं, म्हणून लाच फुकट जात नसे. ही व्यवस्था समजली नाही, तर नुसती नोटांची पुडकी काढत बसशील.

सुरुवात दुसऱ्या चित्रापासून कर. मधोमध शेतकरी, दोन्ही बाजूंना दोन पक्षांचे दलाल. दोघेही त्याच्या हातावर पैसे टेकवताहेत आणि तो दोघांकडूनही घेतोय. मागे, क्राउन नावाच्या खानावळीवर एक जण पाटीची तुळई कापतोय. बसलाय मात्र त्याच तुळईवर, तिच्याबरोबर तोही खाली येणार. उजवीकडे दोन म्हातारे चिलमीचे तुकडे मांडून पोर्टोबेलोची जुनी आरमारी लढाई परत लढताहेत. समोर मत विकलं जातंय, तिकडे त्यांचं लक्षही नाही. मला हा कोपरा सगळ्यात बोचतो.

मूळ चित्र साधारण १०२ × १२७ सेंमी आहे, म्हणजे प्रमाण ४:५. तू ४० × ५० सेंमीचा कागद घे आणि १० सेंमीचे वीस चौकोन आख. आधी फक्त शेतकरी आणि दोन दलाल या तिघांचे हात काढ, चेहरे कोरे ठेव. कोण देतोय, कोण घेतोय हे हातांवरूनच कळायला हवं. नाही कळलं, तर डोळे वटारलेले चेहरे काढून ते सुधारणार नाही. मग तपकिरी आणि पांढऱ्यात छायाप्रकाश लाव. रंग सगळ्यात शेवटी, आणि पक्षांचे रंग जपून: व्हिगांचा नारिंगी, टोरींचा निळा, झेंड्यापुरता, फितीपुरता. गर्दीची चित्रं बहुतेक इथेच फसतात. प्रत्येक कोपऱ्यात सारखाच गडद-उजळ विरोध दिला की नजर कुठेच ठरत नाही. सगळ्यात तीव्र विरोध व्यवहारापाशी ठेव, तुळईवाला फिका चालेल.

चित्रात अक्षरं घालायची तर नेमकी घाल. मेजवानीच्या चित्रात जमिनीवर एक फलक पडलाय: ‘आमचे अकरा दिवस परत द्या’. १७५२ साली ब्रिटनने कालगणना बदलली, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. व्हिग उमेदवार लॉर्ड पार्करचे वडील त्या सुधारणेचे पुरस्कर्ते होते, म्हणून तो राग निवडणुकीत उतरला. ‘भ्रष्टाचार’ असं लिहिलेल्या पोत्यातून असं काही कळत नाही.

मतदानाच्या चित्रात हात गमावलेला शिपाई शपथेसाठी बायबलवर लोखंडी आकडा ठेवतो आणि ती शपथ चालेल का यावर वकील हुज्जत घालतात. शेजारी मतिमंद माणसाला मतासाठी आणलंय, मागून मरणासन्न माणसाला उचलून आणताहेत. असे प्रसंग घेताना रोख आणणाऱ्यांवर ठेव, आणलेल्यांवर नको. याच कारणासाठी दुसऱ्या चित्रातल्या ज्यू फेरीवाल्याची नक्कल करू नकोस. १७५३च्या ज्यू नागरिकत्व कायद्यावरून जमाव भडकला होता. हॉगार्थने त्या जमावाची चेष्टा केली, पण फेरीवाल्याचा साचा मात्र जमावाच्याच डोक्यातला घेतला.

चौथं चित्र इतक्यात नको. त्यात टोरी उमेदवाराची खुर्ची खांद्यांवर डगमगतेय. प्रत्यक्षात निवडणूक अधिकाऱ्याने चारही उमेदवारांची नावं निवडून आलेले म्हणून पाठवली आणि १७५५ साली संसदेने जागा व्हिगांना दिल्या. मारामारी, डुकरं, अस्वल, वरून उडणारा कलहंस, एवढा पसारा त्याने एका तिरक्या ओघात बांधलाय. आधी तो ओघ पाच-सहा रेघांत पकडता येतो का बघ. जमला की ते कागद पाठव, मग माणसं भरायला घेऊ.

सस्नेह आशीर्वाद.