अमेरिकेतल्या कॉलेजांत लेखनाच्या वर्गात किती विद्यार्थी असावेत, याचा काही नियम आहे का?

देशभर लागू असा कायदा नाही, पण कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे कॉन्फरन्स ऑन कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशनची शिफारस आहे: वर्गात २० पेक्षा जास्त नकोत, शक्यतो १५च. एका प्राध्यापकाकडे सत्रात लेखनाचे एकूण ६० विद्यार्थी, त्यापुढे नाही.

हिशोब करून बघा. ६० निबंध, प्रत्येकी २० मिनिटं धरली तरी एका फेरीला २० तास लागतात. आणि लेखन सुधारतं ते कच्च्या मसुद्याच्या समासात कुणी ‘हा मुद्दा आधी घे’, ‘इथे पुरावा कुठाय?’ असं लिहिल्यावर. नुसत्या मार्कांनी नाही. शिफारस बंधनकारक नसल्याने अनेक कॉलेजं ती सर्रास मोडतात. त्याचा सगळ्यात जास्त भार कंत्राटी शिक्षकांवर पडतो, हे मला फार अन्यायाचं वाटतं.