मे महिन्यात मुलांना घेऊन दोडामार्गला गावी जातोय. डास आणि गोचीड चावू नयेत म्हणून कोणती क्रीम लावावी? माकडतापाची लस घ्यावी का?

लसीचा विचार सोडून द्या. कर्नाटकात बरीच वर्षं एक लस द्यायचे, तिचा म्हणावा तसा उपयोग होईना म्हणून ती बंद केली. क्रीमचं सांगते, पण आधी मला सांगा, गावच्या घरी गुरं आहेत का? असतील तर गोठ्यात घालायला पातेरा, म्हणजे वाळकी पानं, कुठून आणतात? हे विचारल्याशिवाय क्रीम विकत घेण्यात अर्थ नाही.

मी बांद्याकडची, तुमच्याच सिंधुदुर्गातली. माकडताप गोचीड चावून होतो. तो 1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. 2015 मध्ये गोव्यात सत्तरीत आला, 2016 च्या जानेवारीत तुमच्या दोडामार्गात केर गावात. पुढच्याच वर्षी काजूच्या हंगामात आमच्याकडे आला आणि माझ्या आईला झाला.

आई दुसऱ्याच्या बागेत रोजावर काजू वेचायला जायची. शहरातल्या माणसाला वाटतं काजू झाडावरून काढतात. तसं नसतं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिकून खाली पडतो, तो वाळक्या पानांत हात घालून शोधावा लागतो. दुपारी त्याच पातेऱ्यावर सावलीला बसायचं आणि बोंडवापासून बी पिळून वेगळी करायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात स्लिपर. डिसेंबरपासून मेपर्यंत नेमकी त्याच पातेऱ्यात गोचिडीची पिल्लं असतात, तिळाहून बारीक. चावलेली दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

ताप एकदम चढला. अंग असं दुखायचं की चहाचा कप हातात धरवेना. जवळच्या डॉक्टरांनी डेंग्यू आणि मलेरिया तपासला, दोन्ही नाही आले, मग व्हायरल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. बाई काय काम करते, कुठे जाते, एवढं साधं कुणी विचारलं नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा आम्ही तिला गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेलं आणि तिथे निदान झालं. यावर खास औषध नाही, सलाईन आणि देखरेख हाच उपचार. ताप उतरला, घरी आणलं, सगळ्यांनी देवापुढे नारळ ठेवला. आणि आठवड्याने ताप परत आला. या खेपेला हात थरथरत होते आणि मला ती माझ्या मावशीच्या नावाने हाक मारत होती. शंभरातल्या दहा-वीस जणांना असा दुसरा झटका येतो, हे मला तेव्हा कळलं. शंभरातले तीन-पाच दगावतात. माझी आई वाचली.

तेवढ्या दिवसांत वाडीतल्या बायका अंगणाबाहेर उभ्या राहून चौकशी करायच्या. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. कुणाच्या घरी झाला असेल तर खुशाल आत जा, पेज नेऊन द्या.

आमच्या काकांचं म्हणणं वेगळंच. ‘गोचडे काय आमका नवे आसत? जल्म गेलो आमचो गोचडे काढूक!’ त्यांच्या मते दोष माकडांचा, माकडं मारली की ताप संपला. मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते: माकड या तापाने आपल्या आधी मरतं. ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपास पसरतात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, मुलांना जाऊ द्यायचं नाही, वनखात्याला नाहीतर आरोग्य केंद्राला कळवायचं. ते लोक त्या जागेवर गोचिडी मारायची पावडर मारतात आणि माकडाची विल्हेवाट लावतात. काका मात्र अजून रानातला पातेरा आणतात, गोठ्यात पसरतात, आणि तोच गोठा घराच्या भिंतीला लागून आहे. रानात चरून आलेली गुरं गोचिडी आणतात त्या वेगळ्याच. आजूबाजूला माकडं मरत असतील तेव्हा रानातला पातेरा घरात आणायचाच नाही. गोठ्यात पेंढा घाला. पैसे जातील, जाऊ देत.

आता तुमचं. हंगामाआधी आरोग्य केंद्रातून डीएमपी तेल फुकट देतात, गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं, ते मागून घ्या. चिकट असतं, वास येतो, म्हणून लोक घरी नेऊन कोनाड्यात ठेवतात. लावायचं, आणि काही तासांनी परत लावायचं. पण तेलापेक्षा कपडे महत्त्वाचे. लांब बाह्या, फुल पँट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. मुलं हसतील, हसू देत. बागेतून आल्यावर गरम पाण्याने घासून आंघोळ, कपडे गरम पाण्यात. काखा, जांघा, कानामागे, केसांत हात फिरवून बघा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. विडीचा चटका, रॉकेल, चुना यातलं काही नको. नखावर चिरडू तर मुळीच नका.

आणि तुमची स्वतःची बाग असेल तर रोजावर येणाऱ्या बायकांना तेल, मोजे, बूट तुम्ही द्या. तीनशे-चारशे रुपयांचे बूट बागायतदाराला जड नसतात. माझ्या आईला कुणी दिले नव्हते.

डासांसाठी बाजारातली कुठलीही चांगली क्रीम चालेल, रात्री मच्छरदाणी लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून परसातल्या करवंट्या आणि पिंपं आठवड्याला उपडी करा.

गावाहून परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की आम्ही काजूच्या बागेत होतो. अंगदुखीची कुठलीही गोळी मनाने घेऊ नका, या तापात रक्तस्राव होतो, साधी पॅरासिटॅमॉल तेवढी चालते. तेल डोळ्यांना आणि जखमेला लागू देऊ नका. मूल अगदी तान्हं असेल तर त्याला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि त्याला बागेत नेऊच नका.