शेजारच्या गड्याला सांग

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत लागलास, हे तुझ्या बाबांकडून कळलं. बरं वाटलं. त्याच फोनवर ते म्हणाले, "शुगरचं तिथं कुणाला बोलू नको म्हणून बजावलंय त्याला." उद्या सोयरीक जुळवताना कुणीतरी कारखान्यात चौकशी करेल, ही त्यांची धास्ती. ती मला कळते, पण पटत नाही. मीही तुझ्यासारखाच, लहानपणापासून इन्सुलिनवर. म्हणून जरा हक्कानं लिहितो.

गावभर दवंडी पिटू नको. पण सुपरवायझर आणि शेजारी काम करणारा गडी, या दोघांना पहिल्याच आठवड्यात सांग. शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. पण भट्टीजवळ घाम कुणाला येत नाही? तिथं त्या खुणेवर विसंबता येत नाही. शुगर आणखी उतरली की तू असंबद्ध बोलायला लागतोस, उगाच चिडतोस, आणि ते तुझ्या आधी शेजारच्याला दिसतं. त्याला माहीत नसेल तर तो म्हणणार, पोरगं पिऊन आलंय.

तो कन्नड बोलणारा असेल तर एवढं शिकवून ठेव: "शुगर कडिमे आगिदे, सक्करे कोडी," म्हणजे शुगर कमी झालीय, साखर द्या. हेच पाकिटात मराठी-कन्नड दोन्हीत लिहून ठेव. खाली आणखी एक ओळ हवीच: बेशुद्ध असलो तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. आपल्याकडं माणूस पडला की पहिलं पाणीच पाजतात. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेव. तीन चमचे पाण्यात घालून घे, पंधरा मिनिटांनी तपास, कमीच असेल तर पुन्हा घे. कुंदा मात्र अशा वेळी कामाचा नाही. (एरवी कधीतरी खा, बेळगावात राहून कुंद्याशी वैर कसलं!) खव्यातल्या स्निग्धतेमुळं त्यातली साखर रक्तात सावकाश उतरते, आणि तुला ती तातडीनं हवी असते.

जड साचे उचलल्याचा परिणाम त्याच वेळी दिसेल असंही नाही. कधी रात्री झोपेत शुगर उतरते. दुसरी पाळी करून आलास की तपासल्याशिवाय अंथरुणावर पडू नको. गणपती विसर्जनालाही तेच. आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, ढोलापुढं नाचताना जेवणाचं भान राहत नाही. मीटर आणि पुडी घेऊनच नाच.

इन्सुलिनचं पेन गाडीच्या डिकीत किंवा भट्टीकडच्या लॉकरमध्ये नको, उष्णतेनं इन्सुलिन वाया जातं. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. उघडल्याची तारीख पेनवर लिही. बहुतेक पेन त्यानंतर २८ दिवस चालतात, तुझ्याचं काय ते मेडिकलवाल्याला विचारून घे.

काढेवाले भेटतील. मुळापासून बरं करतो म्हणतील. ऐकून घे, इन्सुलिन सोडू नको. आपल्या टाइप १ मधुमेहात शरीर ते जवळजवळ बनवतच नाही. १९२२ साली टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं बहुधा वर्ष-दोन वर्षांतच जायची. ताप आला, उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. डोस किती, ते डॉक्टरांना फोन करून ठरव.

दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), वर्षातून एकदा डोळे आणि लघवीची तपासणी. सुट्टी त्या हिशेबानं आधीच मागून ठेव. रोज बूट काढलास की तळवे बघ. भट्टीवरची ठिणगी बुटात गेलेली कधी कधी कळतही नाही.

सोयरिकीचं म्हणशील तर मुलीकडच्यांना पहिल्याच बैठकीत सांगायचं, हे माझं मत. बाबांशी मी रविवारी बोलतो. तू तोवर सुपरवायझरला गाठ.

तुझा,
काका