वाचकांचे प्रश्न : थायलंडमधील कंपनी आणि कामाचा परवाना

थायलंडमध्ये व्यवसाय करू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे जमली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील गैरसमज सर्वांत जास्त आढळणारा असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : पुण्यात माझे शाकाहारी थाळीचे हॉटेल आहे. बँकॉकच्या फाहुरत भागात किंवा पट्टायाला तसेच एक हॉटेल सुरू करण्याचा विचार आहे. तेथील एका सल्लागाराचे म्हणणे असे, की कंपनीचे ५१ टक्के शेअर तो आपल्या कार्यालयातील थाई कर्मचाऱ्यांच्या नावे करील, तारीख न घातलेल्या हस्तांतरणपत्रांवर त्यांच्या सह्या घेऊन ती पत्रे माझ्या हवाली करील आणि कंपनी नोंदली गेली की मालक या नात्याने मला काम करता येईल. भारतीयांना तेथे व्हिसाविना जाता येते, म्हणून लगेच जाऊन काम सुरू करावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : करू नये. आपल्या पत्रात चार वेगवेगळ्या परवानग्या एकमेकींत मिसळल्या आहेत. कंपनी नोंदवणे, त्या कंपनीने विशिष्ट व्यवसाय करणे, आपण थायलंडमध्ये राहणे आणि आपण तेथे काम करणे या चारही गोष्टींचे कायदे निराळे, कार्यालये निराळी आणि अटीही निराळ्या आहेत.

यांपैकी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे कंपनीची नोंदणी. वाणिज्य मंत्रालयाच्या व्यवसाय विकास विभागात ती होते. पूर्वी किमान तीन भागधारक लागत, फेब्रुवारी २०२३ पासून दोन पुरतात. सगळे संचालक परदेशी असले तरी चालते. अडचण येते ती मालकीच्या प्रमाणात. १९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्यानुसार ज्या कंपनीत परदेशी व्यक्तींचा वाटा निम्मा किंवा त्याहून अधिक असतो ती परकीय कंपनी ठरते आणि कायद्याला जोडलेल्या तीन याद्यांतील व्यवसाय तिला मुक्तपणे करता येत नाहीत. खाद्यपदार्थ व पेये विकण्याचा व्यवसाय तिसऱ्या यादीत आहे. त्यासाठी परकीय व्यवसाय परवाना मागता येतो, परंतु जे काम थाई लोक स्वतः उत्तम करतात त्यासाठी तो मिळवणे अवघड जाते, आणि रस्तोरस्ती खाणावळी असलेल्या देशात हॉटेल हे तसेच काम आहे. अमेरिकी नागरिकांना १९६६ च्या मैत्री करारामुळे बरीच मोकळीक आहे. इंटरनेटवरील इंग्रजी मार्गदर्शिका बहुधा त्यांच्यासाठी लिहिलेल्या असतात. त्या वाचून आपला हिशेब मांडू नये.

म्हणूनच सल्लागार ५१ टक्क्यांची युक्ती सुचवत आहे. थाई भागीदार खरा असेल, त्याने स्वतःचे पैसे घातले असतील आणि नफ्यातोट्यात त्याचा वाटा असेल, तर ४९ टक्क्यांची रचना पूर्णपणे कायदेशीर आहे. मात्र आपण वर्णन केलेला प्रकार हा नामधारी भागधारकांचा प्रकार आहे आणि त्या कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार तो गुन्हा ठरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख ते दहा लाख बाट दंड किंवा दोन्ही. ती आपल्यालाही होते आणि नाव देणाऱ्या थाई व्यक्तीलाही. नोंदणीच्या वेळीच थाई भागधारकांकडे एवढे पैसे कोठून आले याचा पुरावा म्हणून बँकेची कागदपत्रे मागितली जातात. पंचवीस-तीस हजार बाट पगाराची एखादी लिपिक एकाच वेळी अनेक कंपन्यांत लाखोंची भागधारक असल्याचे दिसले, तर तपासणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही. तारीख न घातलेली ती हस्तांतरणपत्रे तर आपल्याला संरक्षण म्हणून दाखवली जात आहेत. प्रत्यक्षात धाड पडली तर आपल्या कपाटात सापडणारा सर्वांत भक्कम पुरावा तोच असेल. असा सल्ला देणाऱ्याचे शुल्क कितीही कमी असले तरी त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता कामाच्या परवान्याविषयी. भारतीयांना मिळणारी व्हिसामाफी जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांची झाली. हे दिवस सरकार कमीजास्त करू शकते, पण माफीचा हेतू बदलत नाही : ती फिरण्यासाठी आणि फार तर बैठकींसाठी आहे. त्या काळात जागा पाहा, वकिलाला भेटा, खऱ्या भागीदाराशी बोला. गल्ल्यावर बसू नका. परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते ५०,००० बाट दंड होतो आणि नंतर देशाबाहेर पाठवले जाते. कामावर ठेवणाऱ्याला माणशी १०,००० ते १,००,००० बाट दंड होतो. कंपनी आपलीच असेल तर दोन्ही दंड आपल्याच घरातून जातील.

योग्य क्रम असा : कंपनी व कर नोंदणी झाल्यावर कंपनीच्या कागदपत्रांवर ‘नॉन-इमिग्रंट बी’ वर्गाचा, म्हणजे व्यवसाय व नोकरीसाठीचा, व्हिसा भारतातूनच, आता ऑनलाइन अर्ज करून, घ्यावा. त्यावर ९० दिवसांचा प्रवेश मिळतो. तेथे पोहोचल्यावर कामगार मंत्रालयाच्या रोजगार विभागाकडून कामाचा परवाना घ्यावा आणि त्यानंतर इमिग्रेशन कार्यालयातून मुक्काम एकेक वर्षाने वाढवून घ्यावा. परवान्यासाठी थाई बहुमताच्या कंपनीचे भरणा झालेले भांडवल प्रत्येक परदेशी व्यक्तीमागे २० लाख बाट, म्हणजे पन्नास लाख रुपयांहून अधिक, असावे लागते. थाई व्यक्तीशी विवाह झाला असल्यास निम्मे पुरते. स्वयंपाकासाठी कोल्हापूरहून एक आचारी न्यायचा असेल तर भांडवल ४० लाखांवर जाईल. शिवाय मुक्काम वाढवताना प्रत्येक परदेशी व्यक्तीमागे चार पूर्णवेळ थाई कर्मचारी दाखवावे लागतात, त्यांची सामाजिक सुरक्षा वर्गणी भरलेली असावी लागते आणि आपला स्वतःचा पगार भारतीय नागरिकासाठी ठरलेल्या किमान रकमेइतका, म्हणजे दरमहा ३५,००० बाट, असून त्यावर आयकर भरलेला असावा लागतो. अर्जासोबत छायाचित्रेही द्यावी लागतात : इमारतीचा क्रमांक, कंपनीची पाटी आणि आत काम करीत असलेले कर्मचारी, त्यांच्यात आपणही. वैद्यकीय दाखल्यात क्षय, कुष्ठरोग, हत्तीपाय असे आजार नसल्याचे नमूद असावे लागते.

परवाना मिळाल्यावरही कोणतेही काम करता येते असे नाही. केशकर्तन, पर्यटक मार्गदर्शकाचे काम, थाई मालिश ही कामे थाई नागरिकांसाठी राखीव आहेत. अंगमेहनतीची मजुरी आणि दुकानात पुढे उभे राहून विक्री करणे ही कामे कराराने येणाऱ्या शेजारी देशांच्या कामगारांखेरीज अन्य परदेशी व्यक्तींना मिळत नाहीत. आपल्याकडे मालकाने पडेल ते काम करणे ही कौतुकाची गोष्ट समजली जाते. तेथे व्यवस्थापक म्हणून परवाना घेतलेला मालक गर्दीच्या वेळी ताटे उचलताना दिसला, तर तपासणीला आलेला अधिकारी त्याचे कौतुक करणार नाही.

प्रश्न : आमचा सोलापुरात शेंगदाणा चटणी आणि भाजणीचा घरगुती उद्योग आहे. थायलंडमध्ये कारखाना काढून माल पूर्वेकडील देशांना पाठवायचा झाल्यास तेथेही थाई भागीदार लागेलच का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, आणि आपली स्थिति पुण्याच्या वाचकांपेक्षा पुष्कळ बरी आहे. कारखानदारी आणि निर्यात यांवर परकीय व्यवसाय कायद्याची बंधने तुलनेने थोडी आहेत, त्यामुळे बहुतेक मालाचे उत्पादन पूर्ण परदेशी मालकीच्या कंपनीला करता येते. मात्र भाजणीच्या बाबतीत सावध राहावे. तांदूळ आणि अन्य शेतमालापासून पीठ तयार करणे हा व्यवसाय त्याच तिसऱ्या यादीत अगदी पहिल्या क्रमांकावर आहे. चटणीचा कारखाना आणि भाजणीची गिरणी एकाच अर्जात घालण्यापूर्वी थाई वकिलाचे लेखी मत घ्यावे.

त्याहून महत्त्वाची सूचना अशी, की आपण गुंतवणूक मंडळाकडे, म्हणजे तेथे ‘बीओआय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करण्याचा विचार करावा. अन्नप्रक्रिया हे तिच्या प्रोत्साहनाचे जुने क्षेत्र आहे. जमीन आणि खेळते भांडवल वगळून किमान १० लाख बाट गुंतवणूक अपेक्षित असते. मंजुरी मिळाल्यास करांत सवलत तर मिळतेच, पण व्हिसा आणि कामाचा परवाना एकाच केंद्रातून मिळतो आणि एकामागे चार कर्मचाऱ्यांची अटही लागू राहत नाही. यासाठी प्रकल्पाचा आराखडा नेटका लागतो, यंत्रसामग्री व तंत्रज्ञान यांविषयी बारकाईने विचारतात आणि वेळही लागतो. आम्हाला तो वेळ वाया गेलेला वाटत नाही.

प्रश्न : माझे यजमान बँकॉकमध्ये नोकरी करतात आणि मी त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर येथे राहते. इमारतीतील मराठी कुटुंबांना घरून डबे द्यावेत असे मनात आहे. कोणाकडे नोकरी करायची नसल्यामुळे परवाना लागणार नाही ना? — एक वाचक, बँकॉक

उत्तर : ताई, परवाना लागेल. २०१७ च्या परदेशी कामगारविषयक अध्यादेशात कामाची व्याख्या करताना नोकरी देणारा मालक असो वा नसो असे स्पष्ट म्हटले आहे आणि यजमानांचा परवाना केवळ त्यांच्यापुरता आहे. त्यातच पैसे घेऊन डबे देणे म्हणजे खाद्यपदार्थांची विक्री, जी वर सांगितलेल्या यादीतच मोडते. गणपतीत शेजाऱ्यांना मोदक पाठवण्यावर कोणाचा आक्षेप नाही; महिन्याच्या बिलाचे डबे मात्र अडचणीत आणतील. स्वयंपाक हाच व्यवसाय करायचा असेल, तर एखाद्या भारतीय उपाहारगृहात रीतसर नोकरी, त्या कंपनीच्या नावे आपला स्वतंत्र परवाना आणि त्याप्रमाणे व्हिसात बदल हा मार्ग खुला आहे.

प्रश्न : मी पुण्यातील कंपनीचे काम संगणकावर घरून करतो. चियांग माईला राहून तेच काम करण्यासाठी तेथे कंपनी काढावी का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यासाठी कंपनी काढणे म्हणजे खर्च ओढवून घेणे आहे, कारण उलाढाल शून्य असली तरी तेथील कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब सादर करावेच लागतात. जुलै २०२४ पासून परदेशातील कंपनीचे काम दुरून करणाऱ्यांसाठी ‘डीटीव्ही’ हा पाच वर्षांचा व्हिसा उपलब्ध असून त्यावर प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते आणि पाच लाख बाट शिल्लक असल्याचा पुरावा द्यावा लागतो. थायलंडमधील कंपनीसाठी किंवा ग्राहकासाठी त्यावर काम करता येत नाही. पुण्याच्या कंपनीची लेखी संमती आधी घ्यावी आणि कराचा विचार तेथील वास्तव्याचे दिवस मोजून करावा.

प्रश्न : भागीदार खरा मिळाला आहे आणि ४९ टक्क्यांची तयारी आहे. भांडवलाचे पैसे भारतातून कसे पाठवावेत? तेथील हिशेबनीस म्हणतो की काही रक्कम संचालकाने कंपनीला दिलेले कर्ज म्हणून दाखवू. — एक वाचक, ठाणे

उत्तर : भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते आणि त्या मर्यादेत, परदेशात करायच्या गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांनुसार, परदेशातील चालत्या व्यवसायाच्या कंपनीचे शेअर घेता येतात. नियम शेअरभांडवलाला मुभा देतात. व्यक्तीने अशा कंपनीला कर्ज देण्याला देत नाहीत. तेथील हिशेबनीसाच्या दृष्टीने संचालकाचे कर्ज ही रोजची नोंद असेल, पण ती आपल्याला फेमाच्या, म्हणजे भारताच्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, भंगात अडकवील. सगळी रक्कम शेअरपोटीच पाठवावी.

पैसे पाठवण्यापूर्वी आपल्या बँकेत एफसी नमुना भरून गुंतवणुकीचा क्रमांक घ्यावा, शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांच्या आत द्यावा आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल बँकेमार्फत सादर करावा. छोट्या शाखेत हे काम क्वचितच येते, म्हणून परकीय चलनाचे व्यवहार पाहणारी शाखा आधी शोधावी. आपण भारतात करनिवासी असाल तोवर हे शेअर आणि तेथील बँक खाते आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते. ते न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो, मग त्या कंपनीतून एक रुपयाही मिळालेला नसो.

बँक १० लाख रुपयांवरील रकमेवर २० टक्के कर उगमस्थानी वसूल करील. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो, परंतु तोपर्यंत तेवढे पैसे अडकून राहतात. ५० लाख पाठवायचे असतील तर हाताशी ५८ लाख ठेवावेत. शक्य असल्यास रक्कम मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवावी, म्हणजे १० लाखांची सूट दोनदा मिळेल.