इंग्लंडमध्ये खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागल्यामुळे सरकारी माध्यमिक शाळेत प्रवेश मिळणे अवघड झाले आहे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : येत्या उन्हाळ्यात यजमानांच्या नोकरीनिमित्त आपण पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला येणार आहात, मुलगी सध्या चौथीत आहे, सप्टेंबर २०२७ मध्ये ती इथल्या माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात, म्हणजे इयर सेव्हनमध्ये बसेल, आणि व्हॅट लागल्यापासून खासगी शाळांतली मुले सरकारी शाळांत येऊन जागा भरून टाकत आहेत, असे आपल्याला इथल्या परिचितांकडून कळले आहे, ते कितपत खरे मानायचे? माझे उत्तर असे की, परिणाम झालेला आहे, पण तो आपल्या मुलीच्या वर्गात सर्वांत कमी जाणवेल. त्याची झळ बसते आहे ती आधीच माध्यमिक शाळेत असलेल्या, मधल्याच वर्गात शाळा बदलावी लागणाऱ्या मुलांना. मी याच भागात राहते आणि शाळाप्रवेशाच्या अपिलांवर निर्णय देणाऱ्या स्वतंत्र पॅनेलवर काही वर्षे बिनपगारी सदस्य म्हणून काम करत आले आहे. तिथली प्रकरणे गोपनीय असतात, त्यामुळे कोणा एका कुटुंबाविषयी मी लिहिणार नाही. परंतु प्रवेशाची यंत्रणा आतून कशी चालते, ते सांगता येईल.

आधी कराविषयी. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शिक्षणाच्या आणि वसतिगृहाच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. त्यापूर्वीच्या काही महिन्यांत पुढच्या सत्रांची फी आगाऊ भरून कर चुकवता येऊ नये, म्हणून २९ जुलै २०२४ पासून भरलेल्या अशा रकमाही त्यात धरल्या गेल्या. कर २० टक्के असला, तरी शाळेला स्वतःच्या खरेदीवर भरलेला व्हॅट आता परत मागता येतो आणि काही शाळा थोडा भार स्वतः उचलतात, हे गृहीत धरून फी सरासरी १० टक्क्यांच्या आसपास वाढेल, असा सरकारचा अंदाज होता. प्रत्यक्षात पुष्कळ पालकांना वाढ त्याहून बरीच जास्त सोसावी लागली, कारण नेहमीची वार्षिक वाढही त्यात मिसळली. वर्षाला १८,००० पौंड फी असलेल्या शाळेने पूर्ण कर पालकांवर टाकला, तर ३,६०० पौंड वाढतात. दोन मुले असतील, तर ७,२००. ही रक्कम पगारातला कर कापून झाल्यावर हातात उरलेल्या पैशांतून द्यायची असते, हे लक्षात घेतले म्हणजे दोघे कमावते असलेल्या घरातही हिशेब का कोलमडतो, ते कळते.

आता मूळ मुद्दा. सरकारचा स्वतःचा अंदाज असा होता की, या करामुळे काही वर्षांत मिळून साधारण ३७,००० मुले खासगी शाळा सोडतील किंवा तिथे जाणारच नाहीत, आणि त्यांपैकी ३५,००० सरकारी शाळांत येतील. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२३ मध्ये मांडलेला अंदाज २०,००० ते ४०,००० असा होता, म्हणजे तोही याच पट्ट्यातला. जानेवारी २०२५ च्या शाळागणनेत इंग्लंडमधील खासगी शाळांचा पट आदल्या वर्षापेक्षा सुमारे ११,००० ने घटलेला दिसला. यातले प्रत्येक मूल करामुळेच गेले असे म्हणता येत नाही, कारण मुळात लहान मुलांची संख्याच कमी होत चालली आहे. पण कराचा त्यात वाटा नाही, असे म्हणणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

३५,००० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. तो संपूर्ण ब्रिटनचा आहे, रिसेप्शन या सर्वांत लहान वर्गापासून इयर थर्टीन या शेवटच्या वर्गापर्यंत सगळ्या इयत्तांत विभागलेला आहे आणि अनेक वर्षांत पसरलेला आहे. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. २०१२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ७,२९,६७४ बालके जन्मली, २०१६ मध्ये ६,९६,२७१. म्हणजे आपल्या मुलीच्या वयाची मुले, फक्त एका वर्षाच्या तुकडीत, त्या भरगच्च वर्षापेक्षा ३३,००० हून अधिक कमी आहेत. बाहेरून येणाऱ्या कुटुंबांमुळे यात थोडा फरक पडतो, तरी एकूण कल बदलत नाही. लंडनमध्ये, उदाहरणार्थ हॅकनीत, मुलांअभावी प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या; त्याच घटलेल्या तुकड्या आता माध्यमिक शाळांच्या दाराशी पोहोचत आहेत. कर लागल्यानंतरच्या पहिल्याच प्रवेशफेरीत, मार्च २०२५ मध्ये, इंग्लंडमध्ये ८३.५ टक्के मुलांना पहिल्या पसंतीची माध्यमिक शाळा मिळाली. आदल्या वर्षी हे प्रमाण ८२.९ टक्के होते. परिचितांनी सांगितलेली भीती खरी असती, तर हे प्रमाण घसरायला हवे होते.

मग ओरड कुठून येते? ती खोटी नाही. ती दुसऱ्या वर्गांतून येते. २०१२ च्या आसपास जन्मलेली ती मोठी तुकडी २०२५-२६ या वर्षात इयर एट आणि इयर नाइनमध्ये आहे. तिथले वर्ग आधीच काठोकाठ भरलेले आहेत, आणि फी परवडेनाशी झालेल्या पालकांना जागा हवी असते ती नेमकी तिथेच. इयर सेव्हनसाठी सगळे अर्ज एकाच वेळी, कौन्सिलमार्फत, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनामार्फत, ठरलेल्या निकषांवर लागतात. मधल्या वर्गातला प्रवेश मात्र एकेका रिकाम्या खुर्चीचा प्रश्न असतो. अर्ज केल्यावर शाळेने १५ शालेय दिवसांच्या आत उत्तर द्यायचे असते, आणि ते बहुधा एका ओळीचे असते : या इयत्तेत जागा नाही, अपिलाचा हक्क आहे.

अपिलाची सुनावणी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात शाळा सांगते की, आणखी एक मूल घेतले तर शिक्षण आणि साधनांवर ताण येईल. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ३० स्टुले आहेत, ३१ वे मूल बन्सन बर्नरजवळ उभे ठेवता येत नाही, जेवणाच्या सुट्टीत भोजनगृह दोन पाळ्यांत चालवूनही अपुरे पडते, अशा स्वरूपाची ती मांडणी असते. दुसऱ्या टप्प्यात पालक आपली बाजू मांडतात आणि पॅनेल दोन्ही पारडी तोलते. इथे ‘आम्हाला आता फी परवडत नाही’ हे कारण एकटे फारसे वजन धरत नाही, कारण पॅनेलला पाहायचे असते ते याच शाळेची या मुलाला काय गरज आहे, आणि फी न परवडणे हे कोणत्याही सरकारी शाळेसाठी सारखेच लागू पडते. आईवडील समोर बसून हिशेब दाखवतात, त्यांच्या आवाजातली ओढाताण ऐकू येते, तरीही निर्णय नियमाने द्यावा लागतो. या कामातला हा सर्वांत जड भाग आहे.

इयर टेन आणि इलेव्हनमधील मुलांची अडचण याहून बिकट असते. सोळाव्या वर्षी द्यायची परीक्षा खासगी शाळांत बऱ्याच विषयांना आयजीसीएसई ही असते, सरकारी शाळांत जीसीएसई. परीक्षा मंडळ वेगळे, इंग्रजीची नेमलेली पुस्तके वेगळी, आणि निवडलेला विषय नव्या शाळेत शिकवलाच जात नाही, असेही होते. म्हणून पुष्कळ पालक काहीही करून सोळाव्या वर्षापर्यंत रेटतात आणि नंतर सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांसाठी, मुलाला सरकारी महाविद्यालयात घालतात. पट एकदम न घटता हळूहळू घटतो आहे, त्याचे हेही एक कारण आहे. एखादी छोटी खासगी शाळा बंदच पडली, तर मात्र सगळ्या इयत्तांतील मुले एकाच महिन्यात एकाच कौन्सिलकडे येतात, आणि देशाच्या सरासरीत न दिसणारा ताण त्या गावात मात्र चांगलाच जाणवतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती विशेष गरजा असलेल्या मुलांची. ज्या मुलाच्या शैक्षणिक आणि आरोग्यविषयक गरजांचा अधिकृत आराखडा कौन्सिलने मंजूर केला आहे आणि त्यात खासगी शाळेचे नाव घातले आहे, त्याची फी कौन्सिल भरते आणि कौन्सिलला तो व्हॅट परत मिळतो. त्या कुटुंबावर भार पडत नाही. पण डिस्लेक्सिया किंवा सौम्य स्वमग्नता असलेली, मोठ्या शाळेच्या गोंगाटात मिटून जाणारी, आराखडा न मिळालेली कितीतरी मुले पालकांनी पोटाला चिमटा काढून लहान वर्गाच्या खासगी शाळेत घातलेली असतात. त्यांना करातून सूट नाही. फीवाढीने ती बाहेर पडली, की त्यांना लहान वर्गातून मोठ्या वर्गात यावे लागते आणि आराखड्यासाठीची प्रतीक्षा पहिल्यापासून सुरू होते. श्रीमंतांकडून घेऊन सरकारी शाळांना द्यावे, या हेतूशी माझे भांडण नाही. इंग्लंडमधील साधारण ९३ टक्के मुले सरकारी शाळांत शिकतात आणि त्यांच्यासाठी पैसा लागतोच. परंतु या मुलांसाठी वेगळी तरतूद न करणे ही मोठी चूक झाली, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक परिणाम आकडेवारीत सहज दिसत नाही. जे कुटुंब पूर्वी अकराव्या वर्षी मुलाला खासगी शाळेत घालणार होते, ते आता तोच पैसा चांगल्या सरकारी शाळेजवळच्या घरात आणि ग्रामर शाळेच्या, म्हणजे परीक्षेतील गुणांवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेच्या, प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीत घालू लागले आहे. इंग्लंडमध्ये ग्रामर शाळा अवघ्या १६३ आहेत. रेडिंगमध्ये मुलींसाठी केंड्रिक आणि मुलांसाठी रेडिंग स्कूल, जवळच्या स्लाऊमध्ये चार. आपल्या मराठी घरांत या परीक्षेचे वेड आधीपासून आहेच; त्यात आता खासगी प्राथमिक शाळांतून तयार होऊन आलेली, पूर्वी ग्रामरचा विचारही न करणारी मुले येऊन बसत आहेत. मुलीची तयारी असेल तर परीक्षा जरूर द्यावी, पण सगळी मदार तिच्यावर ठेवू नये. परीक्षा सप्टेंबर २०२६ मध्ये असेल आणि तिची नावनोंदणी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, परीक्षेच्या आधीच, बंद होते, म्हणजे आपण भारतात असतानाच. केंड्रिकमध्ये ठरावीक परिसरातील मुलींना प्राधान्य असते, तेव्हा घर शोधण्याआधी त्या शाळेचे प्रवेशधोरण वाचून घ्यावे.

बाकीच्या सरकारी शाळांचे प्रवेश गुणांवर नसतात. कौन्सिलच्या संगोपनात असलेली मुले आधी, मग बहुतेक ठिकाणी शाळेचे ठरवून दिलेले क्षेत्र, तिथे शिकणारी भावंडे, आणि शेवटी घरापासून शाळेपर्यंतचे अंतर. हे अंतर अगदी काटेकोरपणे मोजतात. मूल आधी खासगी शाळेत होते की सरकारी, की परदेशातून आले, एवढ्यावरून कोणाला पुढेमागे करण्याची शाळेला परवानगी नाही. त्यामुळे खासगीतून आलेले मूल आपल्या मुलीच्या पुढे जाईल ते याच निकषांवर, बहुधा त्याचे घर शाळेला अधिक जवळ असेल म्हणून. आदल्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, हा आकडा कौन्सिलकडून कळू शकतो. व्हॅटविषयीच्या बातम्या वाचण्यापेक्षा सलग तीन वर्षांचे हे आकडे पाहणे आपल्या जास्त उपयोगाचे आहे. आणखी एक : पत्त्यात रेडिंग लिहिलेले असले, तरी अर्ली आणि वुडली हे भाग वोकिंगहॅम कौन्सिलच्या हद्दीत येतात. कौन्सिल बदलली की अर्ज भरण्याचे ठिकाण बदलते, म्हणून भाडेकरार करण्यापूर्वी हद्द तपासावी.

अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ आहे. सहसा मूल प्रत्यक्ष राहते तो पत्ता धरला जातो आणि भाडेकराराचा पुरावा मागितला जातो, म्हणून ऑगस्टमध्ये येऊन दोन महिने पाहुण्यांकडे काढण्याऐवजी सप्टेंबरपर्यंत स्वतःचे घर घेतलेले बरे. उशिरा आलेले अर्ज वेळेत आलेल्या सगळ्या अर्जांनंतर विचारात घेतात, आणि नव्याने येणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या जागा हुकतात त्या बहुधा यामुळे, करामुळे नव्हे. पसंतीचा क्रम मनापासून लावावा. आपण शाळेला कितव्या क्रमांकावर ठेवले, हे शाळेला कळत नाही, त्यामुळे डावपेच करून काही साधत नाही. निदान एक शाळा तरी अशी लिहावी, जिथे आपल्या अंतरावरून गेली काही वर्षे प्रवेश मिळत आला आहे.

निकाल १ मार्च २०२७ रोजी लागेल. मनासारखी शाळा मिळाली नाही, तरी मिळालेली जागा स्वीकारावी. तिने प्रतीक्षायादीवरचा किंवा अपिलाचा हक्क जात नाही, आणि ती नाकारली म्हणून दुसरी चांगली जागा देण्याचे बंधन कौन्सिलवर येत नाही. प्रतीक्षायादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते आणि तिचा क्रम कोण आधी आले यावर नव्हे, तर त्याच निकषांवर लागतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात ती बरीच हलते, कारण काही कुटुंबे घर बदलतात आणि काही पालक अजूनही, व्हॅट भरूनसुद्धा, खासगी शाळेची जागा पक्की करून सरकारी जागा सोडतात.