एकजूट, एकमत आणि उसाचा फुटवा

प्रश्न असा आलाय: "सांगलीतल्या आमच्या अभ्यासमंडळात सगळे डाव्या विचारांचे. परवा 'जात आधी की वर्ग आधी' यावरून वाद रंगला, तेव्हा एका कार्यकर्त्याला ऐकवण्यात आलं, 'तुम्ही एकजुटीत फूट पाडताय.' एकजूट म्हणजे एकमत का? 'फूट' या शब्दाला चांगला अर्थ नाहीच का? आणि या बैठकीच्या इतिवृत्तात लिहायचं तरी काय?"

एकजूट म्हणजे एकमत नव्हे. एकमतात 'मत' आहे, एकजुटीत ते औषधालाही नाही. 'जूट' हा 'जुटणे'चा भाऊबंद, आणि जुटणे म्हणजे एकत्र येऊन भिडणे. 'एकजुटीनं लढलो' असं आपण म्हणतो. 'एकजुटीनं वाटलं' असं कुणी म्हणत नाही. मोर्चात 'कामगार एकजुटीचा विजय असो' ही घोषणा देतात. तिथं 'एकमताचा' घालून ओरडून बघा, घशातच अडकते.

शेजारचं 'जुंपणे' आणखी गमतीचं. 'जू' आलं संस्कृत 'युग'वरून. बैल जुंपतात ते जुवाला, आणि दोन माणसं हमरीतुमरीवर आली की आपण म्हणतो, 'त्यांची जुंपली'. जोडी आणि भांडण, क्रियापद एकच! (या 'जुंपली'चा कर्ता शोधायला जाऊ नका. 'जिरली', 'तंतरली', 'सटकली' यांच्याच घरातली ती.) आमच्या चुलत्यांच्या जोडीतला डावा बैल कायम डावीकडंच चालायचा. लहानपणी एकदा मी हौसेनं बाजू बदलून जुंपले, तर नांगराच्या तासाला असा बाक आला की चुलत्यांनी माझीच जिरवली. जो तो आपापल्या बाजूनं ओढायचा तेव्हा नांगर सरळ चालायचा. सगळ्यांना नुसतं ओळीनं बांधून ठेवायचं असेल तर त्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे, दावण. ते वाक्य ज्यांनी ऐकवलं, त्यांना विचारा, यातलं नेमकं काय हवं होतं.

आता 'संयुक्त' बघा. 'युक्त' आणि 'युग' दोन्ही 'युज्' या एकाच धातूचे, म्हणजे तिथंही तेच जू आहे. १९५६ सालच्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजा समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष होता, आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होतं. त्यांचं एकमत म्हणाल तर मुंबईसह महाराष्ट्र या मागणीपुरतं. बाकी पुष्कळ बाबतीत त्यांची जुंपलेलीच असायची. त्याच लाटेत, १९५७ साली, सातारा मतदारसंघानं क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत धाडलं. हा माणूस आधी काँग्रेस, मग शेकाप असा वाट चालून तिथवर आला होता. म्हणून त्यांच्या गावी, येडेमच्छिंद्रात, त्यांना फुटीर म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

'फूट' या नामाला मात्र वाचवता येणार नाही. ते वाईटच. १९६४ साली कम्युनिस्ट पक्षाचे दोन पक्ष झाले, ती फूटच. पण क्रियापद तसं नाही. पालवी फुटते, पाझर फुटतो, वाचा फुटते. आणि आपल्या वाळवा-पलूस पट्ट्यात 'फुटवा' म्हटलं की शेतकऱ्याचा चेहरा खुलतो. उसाच्या डोळ्यातून पहिला येतो तो जेठा कोंब. तो तरारून वर जातो आणि बाकीच्यांना दबवतो. म्हणून बरेच शेतकरी तो मोडतात, मग जमिनीखालच्या कांड्यांतून फुटवे जोमानं येतात आणि एका डोळ्याचं बेट होतं. (प्रत्येक मंडळात एक जेठा कोंब असतोच. मोडायचा की कसं, ते तुमचं तुम्ही बघा.) पण फुटव्यालाही वेळ असते. उशिरा आलेल्यांचा ऊस होत नाही, ते नुसतं खत खातात. म्हणून मोठी बांधणी करून, माती लावून त्यांना थांबवतात. तेव्हा दर बैठकीत नवा फाटा काढणाऱ्या गड्याची बाजू मी घेतोय असं समजू नका.

जात-वर्गाच्या वादाचं म्हणाल, तर आटपाडीच्या पाणी परिषदेकडं बघावं. बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारातले नागनाथअण्णा नायकवडी, शेकापचे गणपतराव देशमुख, मार्क्सच्या जोडीला फुले-आंबेडकर घेणाऱ्या श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर अशी वेगवेगळ्या घराण्यांची माणसं १३ दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी एका मांडवात बसली. मागणीचा शब्द होता 'समन्यायी पाणीवाटप'. 'समान' म्हटलं असतं तर सारखं माप एवढंच कळलं असतं, आणि सारखं माप म्हणजे ज्याला रान त्याला पाणी असाही अर्थ काढता आला असता. 'समन्यायी'त रान नसलेलं कुटुंबही पाण्याचं हक्कदार ठरतं. नुसतं शेतकऱ्याचं किंवा नुसतं कामगाराचं गणित मांडणाऱ्याला हा शब्द सुचला असता, असं मला वाटत नाही.

जाता जाता, तुमच्या मंडळातला 'सुधारणावादी'ही तपासून घ्या. बाहेर तो शब्द कौतुकाचा, आगरकरांच्या पंगतीतला. डाव्यांच्या बैठकीत तीच शिवी, क्रांती टाळून मलमपट्टीवर भागवणारा अशा अर्थाची. नवीन पोरं घोटाळतात.

राहिलं इतिवृत्त. 'एकमताने ठरले' लिहू नका, ते खोटं होईल. 'सर्वानुमते' चालेल, पण त्या कार्यकर्त्याला विचारूनच. अनुमत म्हणजे संमत. मत वेगळं असूनही माणूस संमती देऊ शकतो. दिली नसेल तर सरळ 'बहुमताने' लिहा. आणि त्यांचं म्हणणं वेगळ्या कागदावर त्यांच्याच शब्दांत घ्या, सहीसकट. त्या कागदाला भिन्नमतपत्रिका म्हणतात. ती इतिवृत्ताला जोडावी.